वरचे दात आधी

शनिवार पेठ, सातारा
३ डिसेंबर २०२४

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

एका गंभीर अन्यायाकडे तुझं लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गेले पाच महिने तू रोज संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल करतेस. "दादा, भाच्याला बघ" म्हणतेस, फोन साखरेच्या डब्याला टेकवतेस आणि नाहीशी होतेस. त्यानंतर मला दिसतो तो तुमच्या माधवनगरच्या हॉलमधला पंखा. त्याच्या एका पात्यावर जळमट आहे आणि तो तीनवर ठेवला की डावीकडे झुकतो, हे मला पाठ झालंय. भाच्याच्या गालाला खळी पडते का, हे मात्र अजून माहीत नाही. एकदा एक कान दिसला होता. तोही बहुधा ऋषिराजरावांचा असावा.

माणसाने किती सोसायचं याला काही सुमार आहे. सबब, मी आजपासून व्हिडिओ कॉलचा त्याग केला आहे. साध्या कॉलचाही, कारण तत्त्व अर्धं पाळण्यात शोभा नाही. यापुढे पत्र. टपाल दोन-तीन दिवसांत पोचतं, आणि त्यात पंखा येत नाही.

आता त्या डब्याविषयी. इतक्या लहान मुलाच्या उशाशी साखरेचा डबा कशाला? सहा महिने पुरे होईपर्यंत त्याला फक्त तुझं दूध. पाणी नको, मध नको, गुटी नको, आणि रडला म्हणून बोट साखरेत बुडवून चोखायला देणं तर मुळीच नको. पाजून झालं की स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या हलक्या पुसून घेत जा. हे मला कुठून कळलं ते विचारू नकोस. माणूस वाचतो.

चि. वीरधवल यास (एवढं मोठं नाव त्याला उचलवेपर्यंत) गोड पापा.

तुझा दादा,
सयाजी


माधवनगर, सांगली
७ डिसेंबर

ती. दादास सा. न.

तुझं पत्र पोस्टमन दारात घेऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, कोर्टाची नोटीसच आली. आत्ता वाचलं, तर नोटीसच आहे.

पंख्याचं मान्य. पण दादा, गेल्या आठवड्यात मी तुला मेसेज केला, बाळाला दात आले म्हणून. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस आणि ज्या हिरड्यांत आता दात आहेत त्या पुसायला सांगतोस. वाचतोस काय, माझे मेसेज सोडून?

तर पुन्हा सांगते. वीरला दोन दात आलेत. साडेपाच महिन्यांत, आणि वरचे. तांदळाच्या कणीएवढे आहेत, पण पाजताना चावला की मला आपली मराठी शाळा आठवते, सगळे पाढे एकदम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरचे काय, खालचे काय, कुठलेही आधी येतात. हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या देवाजवळ जाऊन बसल्या.

तुला ठाऊक असेलच. वरचे दात आधी आले की मामाला जड जातं. त्यांच्या कडेगावात असं झालं की मामाने ते दात बघायचे नाहीत. उष्टावणाच्या दिवशी मधे कापड धरायचं, मामाने पलीकडून हात घालून चांदीच्या वाटीतला पहिला घास भरवायचा, आणि मग कापड सोडायचं. तोवर मामाने तिकडं आणि भाच्याने इकडं.

मी सांगितलं, माझा भाऊ शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो, तो कापडाआड बसणार नाही. चार दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. दोन्ही बाजूंना मान हलवून ऋषिराजची मान दुखायला लागली. शेवटी काल सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, न्हाई धरत कापड. पन खीर गुळाची हुनार. उसाच्या घरातलं पोरगं, पयला घास फिका खाईल व्हय?"

तेव्हा अर्धी लढाई जिंकलीय. येत्या २२ तारखेला, रविवारी, उष्टावण. तू समोर बसायचंस, सगळ्यांदेखत, आणि आपल्या हाताने पहिला घास भरवायचास. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू एकटा, हे लक्षात ठेव.

तुझी
संयू


सातारा
१० डिसेंबर

चि. संयूस आशीर्वाद.

दातांबद्दल अभिनंदन. दोनच असले तरी त्यांना आजपासून ब्रश लागेल. लहान मुलांचा मऊ ब्रश मिळतो, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, सकाळी आणि रात्री. रात्री बाटली तोंडात देऊन झोपवायचं कधी मनात आणू नकोस. बाटलीतलं गोड दूध रात्रभर दातांवर साचून राहतं, आणि दुधाचे दात पडणारेच आहेत म्हणून सोडून दिले तर त्यांच्या जागी येणाऱ्यांनाही ती सवय लागते.

पहिल्या घासाबद्दल. गूळ नको, साखर नको, मीठही नको, वर्षाचा होईपर्यंत. मऊ भात आणि मुगाच्या वरणाचं पाणी, बोटाने चुरून. पुढे नाचणीचं सत्त्व, उकडलेलं रताळं, कुस्करलेलं केळं. त्याला गोड म्हणजे काय हे ठाऊकच नाही, तेव्हा फिकं म्हणजे काय हेही ठाऊक नाही.

आता कापडाविषयी. संयू, मला वाटतं आपण फार ताणू नये. घरातल्या वडील माणसाच्या समाधानासाठी दोन मिनिटं एक कापड धरलं तर आभाळ कोसळत नाही. तत्त्व वेगळं, जिव्हाळा वेगळा. तुझ्या सासूबाईंनी, बनुबाईंनी, हौसेने काही मांडलं असेल तर ते मोडण्यात कसला पुरोगामीपणा? उलट मी तर म्हणेन, कापड चांगलं जाडसर असावं. करायचं तर मनापासून.

तूच एकदा शांतपणे विचार कर.

दादा


माधवनगर
१३ डिसेंबर

दादा,

हे पत्र तूच लिहिलंस का? अक्षर तुझं आहे म्हणून विचारते.

माझ्या लग्नात मुहूर्तावरून भटजींशी भर मांडवात वाद घालणारा तूच ना? अक्षता हातात धरून माणसं उभी होती आणि तू विचारत होतास, अकरा सतराला गुरू कुठे असतो ते दाखवा. गल्लीतल्या मांजराचं नाव मुद्दाम 'आडवी' ठेवणारा तूच. आणि आता कापड जाडसर असावं म्हणतोस.

मी इथे चार दिवस तुझ्या नावाने भांडले. जेवण बंद केलं नाही, कारण अंगावर पाजते, पण बाकी सगळं बंद केलं. आता सासूबाईंना जाऊन काय सांगू? की माझ्या भावाला कापड हवंय, आणि तेही जाड?

एकच विचारते, खरं सांग. तुला भीती वाटतेय का? तसं असेल तर मी हसणार नाही. निदान तोंडावर नाही. पण मला कळू दे. आणि फोन का उचलत नाहीस? परवा सासूबाईंनी केला तेव्हा त्यांच्याशी बोललास म्हणे. त्या आत जाऊन बोलल्या, आणि बाहेर येऊन दुपारभर स्वतःशीच हसत होत्या.

तू नाही आलास तर घास त्याचे चुलते भरवतील. हरकत काहीच नाही, माणूस चांगला आहे. पण मामाच्या पाटावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही.

संयू


माधवनगर
१४ डिसेंबर

मामा, राम राम.

मला लिवायची सवय न्हाई. सातवीनंतर पेन हातात धरला त्यो निस्ता सह्या कराया. चुकलं माकलं पदरात घ्या. संयूला ठावं न्हाई मी लिवतीया. ती पोराला घिऊन आत निजलीया.

परवा मी फोन केला. एरवी तुमास्नी "कसं हाय" म्हनलं की तुमी सातारच्या हवेपास्नं सुरवात करून सरकारपातूर येता. परवा निस्तं "व्हय", "न्हाई", "बगू". मी मनात म्हनलं, ह्या मानसाचं एकतर कुनी गेलंय, न्हाईतर दात गेल्यात. कुनी गेलं असतं तर संयूला कळलं असतं.

मामा, माजी वरची कवळी बसायच्या आदी म्या बी दीड म्हैना व्हय-न्हाईवर संसार केलाय. आमच्या मालकास्नी वाटलं बायको सुदारली.

आता सांगा, समदं गेलं का फुडचंच? आन कवा? तारीख सांगा, मला बगायचंय.

तुमी मानत न्हाई त्ये मला ठावं हाय. नका मानू. पन त्या दिवशी कडेगावची समदी भावकी येनार. माजी थोरली जाऊ अंबूबाई येनार, तिची उत्कर्षा फोन घिऊन येनार. तुमी तोंड उघडलं की त्या म्हननार, पोराला वरचं आलं आन मामाचं वरचं गेलं. मग तुमी काय भाशान देनार? बिनदाताचं?

तवा मी कापड धरते. संयूला सांगते, मीच पुन्यांदा हट धरला म्हनून. तिला तुमचं कळलं तर ती रडंल, आन अंगावर पाजनाऱ्या बाईनं रडू न्हाई.

आता तरी इस्वास बसला का? न्हाई म्हना, मला ऐकायचं हाय.

बनुबाई


सातारा
१७ डिसेंबर

आदरणीय विहीणबाई बनुबाई यांस सयाजीचा साष्टांग नमस्कार.

विश्वास बसलेला नाही. दात बसलेले नाहीत, एवढंच.

गेले ते पुढचे चार, सगळे वरचे. आपण तारीख विचारलीत म्हणून लाजत सांगतो. २९ नोव्हेंबरला दुपारी मी पोवई नाक्याजवळ दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. कापसाचे बोळे कोंबलेले. चारही दात शेजारच्या स्टीलच्या वाटीत. एवढ्यात खिशातला फोन वाजला. काढून बघतो तर संयूचा मेसेज: "दादा, बाळाला वरचे दोन दात आले." डॉक्टर म्हणाले, "काही आनंदाची बातमी?" मला बोलता येत नव्हतं. मी त्यांना फोन दाखवला. ते कऱ्हाडचे आहेत, मामाला जड जाण्याची समजूत त्यांनाही ठाऊक. बराच वेळ हसत होते, हातात पक्कड तशीच.

शाळेत मी मुलांना सांगत आलो की, दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. दात होते तेव्हा हे सांगणं फार सोपं जायचं. आता मी व्यासपीठावर उभा राहिलो की पुरावा माझ्याच तोंडात. म्हणून दोन शाळांना कळवलं, घसा बसलाय. तात्पुरती कवळी दिली आहे, पण ती मी बोलायच्या आधी पुढे येऊन मत मांडते. काल चहात पडली.

खरं कारण साधं आहे. आमची आई मला रात्री बाटलीत साखर घालून दूध द्यायची, आणि गप्प झोपावं म्हणून कंदी पेढ्याचा तुकडा गालात ठेवायची. आईने दिलं ते प्रेमानेच. दात तेव्हापासून किडायला लागले, नंतर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर बाळाच्या दातांचे तक्ते लावलेत. तिथे बसून बसून मी संयूला लिहितो ती सगळी विद्वत्ता गोळा केली. गुळावर एवढा अडून बसलोय तो ह्यामुळे. आपल्या नातवाने पन्नाशीत असं पत्र कुणाला लिहू नये.

तेव्हा अर्ज असा: कापड आपण धरावं, त्यात उपकार माझे नव्हेत, आपलेच. मात्र गूळ नको. एवढं ऐकलंत तर मी आपल्या शब्दाबाहेर नाही.

सयाजी


माधवनगर
२६ डिसेंबर

दादा,

तू कापडाआड होतास, म्हणून इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही. ते लिहिते.

एका बाजूला मी वीरला मांडीवर घेऊन. मधे मामंजींचं जुनं धोतर, एक टोक ऋषिराजकडे, एक त्याच्या भावाकडे. पलीकडून तुझा हात आला. पहिला घास बाळाच्या कानात गेला. दुसरा माझ्या पदराला. तिसऱ्याला त्याने स्वतःच तुझा हात धरला, घास खाल्ला आणि बोट चावलं. तू "आं" केलंस तेवढंच. पाटावर बसल्यापासून उठेपर्यंत तुझ्या तोंडून मी ऐकलेला तो एकमेव शब्द.

मग अंबूबाई सुरू झाल्या. "आगं बने, मंगळावर यान चाललंय आन तू शिकल्यासवरल्या मामाला धोतरामागं बसिवलंस? त्येला काय नवरी केलीस का काय?" सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "मला भ्या वाटतं बाई. माजं मन ऱ्हात न्हाई." मग अंबूबाईंनी वाटीत बोट घालून चाखलं. "आन ह्यो फिका भात? घरचं गुऱ्हाळ, आन नातवाला गुळाचा खडा न्हाई? एवडी चिक्कू कवापास्नं झालीस?" सासूबाई म्हणाल्या, "मीच नगं म्हनलं." बास. एवढं म्हणून वाटी माझ्याकडे सरकवली. जावेला चार शब्द न सुनावता सासूबाई जाऊ देतात, असं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही हसले, दादा.

उत्कर्षाने सगळं फोनवर घेतलं. रात्रीच ते कडेगावच्या ग्रुपवर आलं. आता तिकडे सासूबाईंना 'कापडवाली आजी' म्हणतात. काल कडेगावला त्यांच्या पुतणीची सुपारी फुटली, लग्न ठरलं, तरी सासूबाई गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. गुडघा दुखत असताना माळ्यावरून पापडाचे डबे काढत होत्या.

आणि तू. मास्क लावून आलास, सर्दी म्हणालास. कापड सोडायच्या आत उठलास. पंक्तीला बोलावलं तर म्हणे उपास. रविवारी? तुझा? मला वाटलं, आता हा पायातलं काढून नमस्कार करत सातारला चालत जातो.

बाळाने भात आवडीने खाल्ला. दुसऱ्या दिवशीही मागितला. तेवढं तुझं बरोबर होतं. बाकी माझा भाऊ कुठे गेला, ते कळव.

संयू


सातारा
३१ डिसेंबर

चि. संयूस आशीर्वाद.

भाऊ सापडला आहे. चार दात कमी भरले.

२९ नोव्हेंबरला काढले. वरचे, पुढचे. तुझा मेसेज आला तेव्हा मी त्याच खुर्चीत होतो, आणि पंख्यावर मी जो एवढा राग काढला त्याचं कारण हे. तुझ्या सासूबाईंनी दोन मिनिटांच्या फोनवर ओळखलं. तू रडशील म्हणून तुला सांगितलं नाही. कापड त्यांनी माझ्यासाठी धरलं होतं. गूळ त्यांनी माझ्या शब्दावर सोडला. तू आत्ता रडत असशील तर आधी वीरला पाळण्यात ठेव आणि मग रड, बनुबाईंचा तसा नियम आहे.

अंबूबाई काय काय म्हणत होत्या ते मला धोतरामागे ऐकू येत होतं. तिथून एक पाऊल पुढे आलो असतो आणि तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. मी मास्क वर ओढून घेतला. एवढ्या वर्षांत इतक्या व्यासपीठांवर उभा राहिलो, पण त्या धोतराच्या मागे बसलो तेवढा उघडा कधी पडलो नव्हतो, आणि गंमत म्हणजे कोणी बघत नव्हतं.

आज पक्की कवळी बसवायची होती. डॉक्टर हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, जरा थांबा. त्यांच्या कंपाउंडरला फोन दिला आणि तोंड पूर्ण उघडून हसलो. तो म्हणाला, "साहेब, अजून एक काढू? ह्यात नीट दिसत नाहीत." मी म्हटलं, "काय दिसत नाहीत?" तो म्हणाला, "नसलेले."

दुसरा चांगला आला. बारशाला ऋषिराजरावांनी मला त्या कडेगावच्या ग्रुपात घातलं होतं, आणि मी त्याच दिवशी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. आज तिथे फोटो टाकला. खाली लिहिलं: "कापड बनुबाईंना नको होतं, मला हवं होतं. हे तोंड कोणाला दिसू नये म्हणून. त्यांनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली. गूळ नको हेही माझंच. भाचा मजेत आहे. — वीरचा मामा, सातारा."

आता यापुढे कडेगावात कोणाच्याही पोराला वरचे दात आधी आले की माझा फोटो दाखवला जाईल, हे मी जाणून आहे. माझ्या एकूण व्याख्यानांपेक्षा तो जास्त लोक बघतील.

बनुबाईंना हे पत्र वाचून दाखव. जमलं तर अंबूबाई घरी असताना.

फोटो टाकल्यावर तासाभरात अंबूबाईंचंच पहिलं उत्तर आलं. "म्हंजी बनीचं खरंच हुतं की. मामाला जड गेलंच. बने, उद्या ये गं, सुपारीचं लाडू तुज्यासाटी ठिवल्यात."

यावर माझ्याकडे पाऊण तासाचं उत्तर तयार आहे, नव्या दातांनी खणखणीत देता येईल असं. मी फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन खाली ठेवला.

तुझा दादा,
सयाजी